काळजाचा रंगीत फोटो

बारामतीत आमच्या सेंटरवर सीटी स्कॅनचं मशीन आलं ते जुनंच होतं, आणि ही गोष्ट मी तेव्हाही कुणापासून लपवली नाही. मुंबईच्या एका दवाखान्यानं नवं घेतलं, जुनं विकायला काढलं, ते आम्ही काही डॉक्टरांनी मिळून उचललं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. तोवर इंदापूर-बारामतीकडच्या माणसाला पोटाचा असा फोटो काढायचा म्हणजे पुणं गाठावं लागायचं. मशीन आलं तसे लोक नुसते बघायलाही यायचे. माणूस त्या गोल भोकातून आत सरकतो आणि पोटाचे काप दिसतात, भाकरीच्या चवडीतली एकेक भाकरी उचलून बघावी तसे, हे सांगून सांगून माझं तोंड दुखायचं.

मी फोटोंची डॉक्टरीण. गोळ्या देणं, कापणं, शिवणं हे माझं काम नाही. फोटो बघायचा आणि आत काय दिसतंय ते लिहून द्यायचं. स्वभाव तापट, आवाज मोठा. आई म्हणायची, "हिचा नवरा मुका नाहीतर बहिरा पाहिजे." तो दोन्ही नाही, तरी टिकला बिचारा.

मशीनबरोबर एक कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्यात एक नवलाई होती. पडद्यावर दिसणाऱ्या यकृतात माऊसनं एक टिंब टेकवायचं. मग कॉम्प्युटर त्या टिंबापासून रंग पसरवत न्यायचा. शेजारचा भाग तशाच करड्या छटेचा असला तर तोही यकृत, छटा बदलली की थांबायचं. असं एकेका कापावर करत तो यकृताची कड आपली आपण आखायचा, आत तांबडा रंग भरायचा, आणि शेवटी खाली आकडा द्यायचा की या माणसाचं यकृत एवढं एवढं आहे.

माझं माहेर लासुर्ण्याचं, बागायतदार. लहानपणी मी वांग्याच्या वाफ्यांना दारं धरलेली आहेत, त्यामुळे मला त्या कॉम्प्युटरचं काही कौतुक नव्हतं. वाफ्यात पाणी सोडलं की पसरत जातं आणि वरंब्याला अडलं की थांबतं, तसंच हे. पाण्याला अक्कल नसते. मधेच ढेकळांची आडवी ओळ पडली असेल तर पलीकडचं रान कोरडं राहतं, आणि वरंबा फुटला तर पाणी शेजाऱ्याच्या शेतात. कॉम्प्युटरचंही तेच. फोटो स्वच्छ असला तर कड झकास आखायचा. फोटोत खोट असली की गेलं सगळं पाण्यात.

ही फोटोतली खोट म्हणजे शरीरात नसलेली पण फोटोत उमटलेली गोष्ट. पेशंट हलला, श्वास घेतला, तर कडा पुसट होतात, दुहेरी दिसतात. जवळपास धातू असला तर त्याच्यापासून काळ्या-पांढऱ्या रेघांचे फटकारे निघतात आणि अख्ख्या पोटावरून आरपार जातात. डॉक्टर ते बघून ओळखतो. कॉम्प्युटरला मात्र काळा पट्टा म्हणजे यकृत संपलं एवढंच कळतं.

पण हे सांगायचं कुणाला? ते दिवसच तसे होते. चष्म्याच्या दुकानावर "कॉम्प्युटरवर डोळे तपासून मिळतील" अशी पाटी, ज्योतिषाकडे कॉम्प्युटरवर कुंडली. माणूस खोटं बोलेल, कॉम्प्युटर कशाला बोलेल, असं शिकलेली माणसंसुद्धा म्हणायची.

अशात ते दोघं नवरा-बायको आले. भवानीनगरच्या पुढं कालव्याच्या अंगाला त्यांची वस्ती. आबा साठीच्या आसपासचे, उंच, डोक्याला तांबडं पागोटं, बोलणं मोजकं. मावशी त्यांच्याहून बऱ्याच लहान, नऊवारी, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेला, आणि बोलायला लागल्या की थांबायचं नाव नाही. घराणं मेंढपाळाचं. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडावर परत वर यायचं, असं त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. मग जमिनीला पाणी मिळालं, ऊस आला, आणि आबांनी कळप विकून टाकला.

"तवापासनं मागतीय," मावशी मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या, जसं काही मी कोर्ट आहे. "एक मेंढरू ठिवा म्हणलं दाराला. एकच. पर न्हाय!"

"कालव्याच्या काठाला मेंढरू जगत न्हाय," आबा म्हणाले.

"माणसं जगत्यात की!"

आबांनी माझ्याकडे बघितलं, मी फायलीकडे. नवरा-बायकोच्या असल्या भांडणात पडू नये एवढी अक्कल मला आहे.

मावशींच्या यकृतात, उजव्या बाजूला, मोठी गाठ होती. पुण्याच्या सर्जननं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की उजवा भाग गाठीसकट कापून काढता येईल. यकृत हा मोठा चिवट अवयव आहे, कापलं तरी भरून येतं, पण मागं उरलेला भाग पुरेसा पाहिजे. तो पुरेसा असेल तर ऑपरेशन. नसेल तर हात लावण्यात अर्थ नाही, मग जेवढे दिवस आहेत तेवढे. उरणारं यकृत किती, हे मोजून घ्यायला त्यांना आमच्याकडे धाडलं होतं. सगळं त्या एका मोजमापावर येऊन थांबलं होतं, आणि हे आबांना माहीत होतं.

मी मावशींना बजावून सांगितलं, "बुधवारी या, उपाशीपोटी या, आणि अंगावर कुठलाही धातू नको."

"व्हय," त्या म्हणाल्या.

बुधवार हा माझा इंदापूरला सोनोग्राफीचा वार. स्कॅन काढायला आमचा तंत्रज्ञ होता. माझ्यापेक्षा वयानं मोठा, हाताला चांगला, सरळ माणूस. त्याचा एकच दोष, त्याला कॉम्प्युटरच्या त्या रंगीत प्रिंटचं भारी अप्रूप. आल्या-गेल्याला काढून दाखवायचा. पुढं जे झालं ते मला त्याच्याकडूनच कळलं.

मावशींनी मंगळसूत्र काढलं, कानातलं काढलं, जोडवीसुद्धा काढली. झगा घालून टेबलावर झोपल्या. एसीचा गारठा म्हणून त्यांना चादर दिली. हात डोक्याच्या वर घ्यायला सांगितलं तर उजवा खांदा धरलेला, हात वर जाईचना. म्हणून दोन्ही हात चादरीखाली, अंगालगत. पहिल्याच फोटोत काळ्या-पांढऱ्या रेघांचा धिंगाणा. तंत्रज्ञानं चादर बाजूला केली तर दोन्ही दंडांत, कोपराच्या जरा वर, जाडजूड चांदीच्या वाक्या! बरोब्बर यकृताच्या उंचीवर. साबण लावला, तेल लावलं, वाक्या हलायला तयार नाहीत. दंड भरत गेला होता आणि चांदी त्यात रुतून बसली होती. त्यातच दुपारची लाइट जायची वेळ झाली. त्यानं विचार केला, आत्ता आहे तसं काढून घेऊ, उद्या मॅडम बघतील. आणि सवयीनं त्यानं कॉम्प्युटरला कड आखायला लावली आणि रंगीत प्रिंटही काढली.

आबा पाठीमागंच उभे होते.

"ह्ये काय?"

"यकृत, आबा."

"म्हंजी काळीज?"

"हो, काळीजच."

आबांनी तो कागद उजेडात धरला, बराच वेळ बघितला. मग घडी करून पागोट्यात खोचला आणि म्हणाले, "येतो." तंत्रज्ञाला वाटलं, उद्या रिपोर्टला येतील.

दुसऱ्या दिवशी मी फिल्म बघितल्या आणि माझं डोकंच सटकलं. दोन्ही बाजूंनी काळे पट्टे यकृतात घुसलेले, आणि कॉम्प्युटरनं पट्टा दिसेल तिथं यकृत संपवलेलं. पडद्यावर ते तांबडं यकृत कडांना खाचा पडलेलं, लचके तोडल्यासारखं दिसत होतं. खालचा आकडा तर इतका लहान, की त्यावरून कुठलाही सर्जन सुरीला हात लावणार नाही. मी तंत्रज्ञाला नको नको ते बोलले. तो मान खाली घालून उभा राहिला. मग माझंच मला वाटलं, वाकी रुतलेली, खांदा धरलेला, लाइट जायला टेकलेली, तो तरी काय करणार? खापर फोडायला डोकं शोधून काय उपयोग, फोटो पुन्हा काढायचा, संपलं.

पण आबा आलेच नाहीत. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. त्यांच्या वस्तीवरून दूध गोळा करणारा टेम्पोवाला आमच्या गल्लीतच दूध घालायचा, त्याच्याबरोबर निरोप धाडला की फोटो चुकलाय, मावशींना परत घेऊन या. त्यानं उलट निरोप आणला, "आता काय गरज न्हाय म्हणालं. त्येंला समदं समाजलंय म्हणं."

काय समजलंय? मला न विचारता? मी अशी तापले की रविवारी फिल्मचं पाकीट गाडीत टाकलं आणि सरळ भवानीनगरचा रस्ता धरला. गळिताचा हंगाम, पुढं उसाच्या बैलगाड्यांची रांग. जाताना आबांना काय काय सुनवायचं ते सगळं तोंडपाठ केलं होतं.

वस्तीवर पोचले तर अंगणात खुंटाला एक मेंढी बांधलेली, तिच्या पोटाशी कोकरू ढुशा देतंय, आणि मावशी त्यांच्यापुढं लसूणघास टाकत बसलेल्या. मला बघून तोंडभर हसल्या. मला पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. आबा उसाला पाणी द्यायला गेले होते, त्यांना बोलवायला शेजारच्या रानात हाक गेली.

"मेंढी छान आहे," मी म्हटलं. "अखेर दिली म्हणायची आबांनी."

मावशींचं हसू तसंच राहिलं, पण हात थांबला. इकडंतिकडं बघून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, माझं काय खरं न्हाय, व्हय?"

"कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणंल? इतकी वर्सं मागून मागून जीभ झिजली, मेंढरू दिलं न्हाय. आन परवा तुमच्याकडनं आलो, दुसऱ्या दिवशी न मागता बाजारला जाऊन ह्ये घिऊन आलं. पोटाशी कोकरू आसलेली मेंढी! त्येंनी तोंडातनं शबूद काढला न्हाय. पर मी काय येडी हाय?"

मला रडू फुटेल असं वाटलं. सुनवायचं म्हणून जे पाठ करून आले होते ते सगळं विसरले. मी एवढंच म्हटलं, "मावशी, अजून काहीच ठरलेलं नाही. आबांना येऊ दे."

आबा आले. पाय धुतले, पागोटं नीट केलं, माझ्यासमोर बसले. मावशींना त्यांनी चहाला आत पाठवलं. मग पागोट्यातून तो कागद काढला. घड्यांवर विरायला लागला होता. नुसता ठेवला नव्हता त्यांनी तो, सारखा काढून बघितला असणार.

"पोरी," ते म्हणाले, "मला वाचाया येत न्हाय. पर काळीज मला वळखाया येतं. हयात मेंढरात गेली माझी."

आणि त्यांनी मला समजावून सांगितलं, मला, फोटोच्या डॉक्टरणीला, एकेका खाचेवर बोट ठेवून. कालव्याच्या पाझराला, दलदलीच्या गवतावर मेंढरू चरलं की त्याच्या काळजात पानासारखा चपटा किडा होतो. मेंढरू वाळत जातं, जबड्याखाली पाणी उतरतं, मग एक दिवस बसतं ते उठत नाही. फाडून बघितलं की काळीज असंच निघतं, कडेनं कुरतडलेलं, हितं एक खाच, हितं एक खाच. कळपाच्या शेवटच्या सालात अशी किती मेंढरं त्यांनी आपल्या हातानं फाडली. म्हणून तर उरलेला कळप विकला आणि म्हणूनच पुन्हा कधी कालव्याकाठी मेंढरू आणू दिलं नाही.

"त्या सालाला ती माझ्यासंगंच हुती. मेंढरं जिथलं पाणी पीत, तिथलंच आमीबी प्यालो. ह्यो कागूद बगितला आन मला तीच मेंढरं दिसली." त्यांनी कागदाची घडी केली. "म्या ठिवली तिला त्या पाण्याव. आता पुण्याला न्हिऊन उगं फाडायची आन मिटवायची? नगं. हाय तवर घरात ऱ्हाऊ दे. मेंढराजवळ."

किडे खाल्लेलं यकृत असंच दिसतं, हे खरं होतं. मेंढराचं. आबांचं ज्ञान खोटं नव्हतं, कागद खोटा होता. पण कॉम्प्युटरमधून आलेला रंगीत कागद आणि उभ्या आयुष्याचा अनुभव, दोन्ही एकच सांगत असताना माणूस डॉक्टरचं कशाला ऐकेल? मी पाकिटातून फिल्म काढली आणि उन्हात धरली.

"आबा, इकडं या. ही काळी रेघ बघा. हीच ती खाच. आता हिच्यावर बोट ठेवा आणि ती कुठं कुठं जाते बघा."

त्यांनी बोट ठेवलं. रेघ यकृतातून निघाली, सरळ पुढं गेली.

"ह्यो पांढरा गोल काय?"

"पाठीचा मणका."

"त्येच्यातनंबी गेलीय की ही!" बोट पुढं सरकलं. पोटाच्या पलीकडच्या बाजूला गेलं, कातडीच्या बाहेर गेलं, जिथं नुसती हवा होती तिथंही रेघ चाललीच होती.

"किडा सरळ रेघेत खातो का हो आबा? हाडातून, मांसातून, अंगाच्या बाहेर?"

आबांचं बोट उलट्या बाजूनं परत आलं, रेघ जिथून सुटत होती तिथवर. शरीराच्या बाजूला दंडाचा गोल, आणि त्याच्याभोवती लखलखीत पांढरं कडं.

"ह्ये?"

"वाकी. मावशींच्या दंडातली."

आबा एकदम उसळून म्हणाले, "मंग त्या कांपुटरला येवढी अक्कल न्हाय?"

"नाही."

"काळीज कुठलं आन वाकीची रेघ कुठली, ह्ये कळत न्हाय त्येला?"

"नाही कळत. काळं दिसलं की तो थांबतो."

"मंग ठिवलाय कशापायी?"

"एरवी नीट करतो," एवढंच म्हटलं. आबा पुटपुटले, "म्हंजी कारखान्याच्या काट्याव उसाच्या ट्रॉलीसंगं ट्रॅक्टरबी तोलला म्हणा की." आणि आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर रंग आला.

तरी मी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. खरा फोटो चांगलाच येईल असं मला कुणी लिहून दिलं नव्हतं. आबांनी विचारलंच, "आन त्यो बी आसाच निगाला तर?"

"तर मी तोंडावर सांगेन. पण वाकीच्या रेघेवरून नाही सांगणार."

चहा घेऊन मावशी दारातच उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक. पदर खांद्यावरून घसरला होता आणि दंडातली वाकी उघडी पडली होती. मी विचारलं, "मावशी, धातू नको म्हणून सांगितलं होतं ना? वाक्यांचं का नाही बोललात?"

"निगत न्हाईत तर बोलून काय करू? कापाया लावलं आसतं तुमी." त्यांनी वाकीवर हात ठेवला. "कळप इकला त्या दिशी मी लय रडले. बाई, एकेकीला नावं हुती. मला गप करायला म्हणून मालकानी ह्या घातल्या दंडात. त्याच पैशाच्या. तवाधरनं काढल्या न्हाईत."

आबा जमिनीकडं बघत म्हणाले, "कापाव्या लागत्याल, कारभारणी."

"तुमी आधी एक काय ते ठरवा. मगाशी म्हणं काळजाला किडा लागला, आता म्हणं वाकी लागली!" मावशींनी कपबशी माझ्या हातात दिली, माझ्याकडे न बघता. डोळे भरलेले होते त्यांचे. "कापा. मेंढी आलीया दाराला, आता चांदी काय करायचीय दंडात?"

बारामतीच्या सराफानं दंड आणि वाकी यांच्यामध्ये चामड्याची पट्टी सरकवली आणि बारीक करवतीनं वाक्या कापल्या. मावशी टक लावून बघत होत्या. आबांनी मात्र तोंड रस्त्याकडं केलं होतं. वाकी निघाली तशी खालची कातडी दिसली, पांढरीफटक, मऊ, लहान मुलाच्या अंगासारखी. मावशींनी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि "आगं बया!" म्हणून हसल्या.

स्कॅनला या वेळी मी स्वतः उभी होते. डावा हात वर, उजवा उशीवर छातीच्या पुढं टेकवून यकृतापासून लांब. श्वास धरायला शिकवताना तंत्रज्ञानं "श्वास रोखा" म्हणून बघितलं तर मावशी घाबरून उलट धापा टाकायला लागल्या. मी म्हटलं, "मावशी, विहिरीत बुडी मारताय असं समजा. मी सांगितलं की वर या." मग जमलं. एकामागून एक काप आले, स्वच्छ.

कॉम्प्युटरला कड आखायला लावली. तांबडा रंग पसरत गेला, कडेपर्यंत भरला, थांबला. एका ठिकाणी मात्र जठर यकृताला चिकटून होतं, तिथं वरंबा फुटला आणि रंग जठरात शिरला. तेवढा मी हातानं पुसला आणि कड नीट काढली. मग एकेक काप पुन्हा तपासला. सगळं यकृत मोजलं, मग उजवा भाग वजा करून डावा. हिशोब लागला तेव्हा मी सर्जनला फोन लावला आणि आकडा सांगितला. पलीकडून तो म्हणाला, "पुरेसं आहे. पाठवून द्या."

आबा दाराशी होते. त्यांनी आकडा विचारला नाही. "कुरतडलंय का?" एवढंच विचारलं.

मी त्यांना आत घेतलं, पडद्यासमोर बसवलं. "बघा तुम्हीच. काळीज तुम्हाला ओळखता येतं ना?"

एकेक काप मी पुढं सरकवत गेले. उजव्या बाजूची गाठ दिसली तिथं त्यांनी मान हलवली, ती त्यांना ठाऊक होती. बाकीच्या कडेवरून त्यांची नजर सावकाश फिरत गेली. शेवटी म्हणाले, "गुळगुळीत हाय." आणि पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले, माझ्यासमोर, तंत्रज्ञासमोर, काही न लपवता.

पुण्याला ऑपरेशन झालं. गाठ फार वाईट जातीची निघाली नाही. मावशी घरी आल्या त्या अगदी वाळून, पण आल्या.

वर्षभरानं त्या तपासणीसाठी पुन्हा आमच्याकडे आल्या. अंगानं भरल्या होत्या, दंड मोकळे, वाकीच्या जागेचा पांढरा पट्टा उन्हानं पार बुजलेला. मेंढी पुन्हा व्यायली होती. मधे आबा म्हणाले होते म्हणे, आता बरी झालीस, मेंढरं विकून टाकू, कालव्याचं पाणी वाईट. त्यावर मावशींनी जे उत्तर दिलं ते त्यांनी मला पूर्ण ऐकवलं, पण मी इथं लिहू शकत नाही. मेंढरांना आता विहिरीचं पाणी मिळत होतं, आणि ते शेंदायचं काम आबांकडं होतं.

त्यांना टेबलावर झोपवलं, मी काचेमागं आले. माईकचं बटण चालू होतं, आतलं सगळं आम्हाला ऐकू येत होतं. आबाही काचेपाशी माझ्या शेजारीच उभे होते.

"बाई," आतून आवाज आला, "ह्या बारीला फोटू जरा खोटाच काढा की! मालकाकडनं आजून दोन मेंढरं निगत्याल."

तंत्रज्ञ फिस्सकन हसला. मला वाटलं आबा चिडतील. ते माईकजवळ वाकले, आणि त्या यंत्रात बोलायची सवय नसल्यानं जरा मोठ्यानंच बोलले, "खोटा नगं. खराच काढत्याल त्या. मेंढरं मी तशीच आणतो."

मावशींना हसू आवरेना. पोट हललं, आणि तो अख्खा काप पुसट आला. मी माईकवरून ओरडले आणि पुन्हा काढला.